शांतता म्हणजे मौन नव्हे

(सातारा येथे भरलेल्या महिला स्वयंसेविकांच्या प्रशिक्षण शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



गेले चार दिवस आपण या शिबिरात बातमी कशी लिहावी, सभेचे इतिवृत्त कसे ठेवावे, भित्तिपत्रकाची मांडणी कशी करावी याचे शिक्षण घेतले. आज समारोपाच्या दिवशी मी माझ्या परदेशातील स्वयंसेवेविषयी चार शब्द सांगावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. परदेशातील अनुभव सांगावयास उभ्या राहिलेल्या माणसाच्या बोलण्यात नकळत बडेजाव शिरतो. मी तो टाळण्याचा प्रयत्न करीन. कारण तेथे मी जे शिकले त्यातील सर्वांत मोलाचा धडा माझ्या स्वतःच्या एका चुकीतून मला मिळाला. आज मुख्यतः तीच हकीकत आपणापुढे ठेवावयाची आहे.

बातम्या लिहिणे, मुद्रिते तपासणे, घडीपत्रिका तयार करणे हा माझा वीस वर्षांचा व्यवसाय. काही वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे महिलांच्या एका शांतता संघटनेच्या कार्यालयात सहा महिने विनावेतन काम करण्याची संधी मला मिळाली. त्या संघटनेचे नाव मी येथे घेणार नाही. त्यामागे कोणताही आकस नाही. जी हकीकत सांगणार आहे ती एका भगिनीच्या सुरक्षिततेशी निगडित आहे, एवढेच त्याचे कारण.

एका शब्दाची गोष्ट

कार्यालयातील पहिल्याच आठवड्यात एका वयस्क सहकारी बाईंनी मला विचारले, "तुमच्या भाषेत पीस या शब्दाला काय म्हणतात?" त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि माझ्याप्रमाणेच स्वयंसेविका. मी मोठ्या उत्साहाने 'शांतता' असे उत्तर दिले. त्यांनी तो शब्द दोनतीनदा उच्चारून पाहिला आणि त्याचा आणखी काही अर्थ होतो काय, असे विचारले. तेव्हा मी क्षणभर अडखळले. आपल्या रुग्णालयांत आणि वाचनालयांत भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी असते. तेथे शांतता म्हणजे बोलू नका. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ सालच्या नाटकाच्या नावातही तोच अर्थ आहे. आणि त्या नाटकात अभिरूप न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभी केली जाते ती एक स्त्रीच.

म्हणजे आपल्या भाषेत युद्ध नसणे आणि आवाज नसणे या दोन्ही गोष्टींना एकच शब्द आहे. हे मी त्या बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला या कार्यालयाचे काम समजावून सांगण्याची गरज नाही. हे दोन अर्थ वेगळे करणे, हेच आमचे काम." त्या वेळी मला ते वाक्य केवळ चतुर वाटले. त्याचा खरा अर्थ पुढे चार महिन्यांनी कळला.

अकराशे स्त्रिया आणि एक वाक्य

या क्षेत्रातील सर्वांत जुन्या संघटनांपैकी एक म्हणजे महिला आंतरराष्ट्रीय शांतता व स्वातंत्र्य संघ. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'विल्फ' म्हणतात. तिचा इतिहास आपण समजून घ्यावा असे मला वाटते, कारण संपर्क आणि संवाद या विषयाचे तो एक पाठ्यपुस्तकच आहे.

पहिले महायुद्ध सुरू होऊन नऊ महिने लोटले होते. २८ एप्रिल १९१५ रोजी हॉलंडमधील हेग येथे बारा देशांतील अकराशेहून अधिक स्त्रिया एकत्र आल्या. त्यांतील काहींचे देश एकमेकांशी लढत होते. डच डॉक्टर आलेट्टा जेकब्ज यांनी पुढाकार घेतला आणि अध्यक्षपद अमेरिकेच्या जेन ॲडम्स यांनी भूषविले. ब्रिटनमधून सुमारे १८० स्त्रिया निघण्याच्या तयारीत होत्या. परंतु समुद्रमार्ग बंद झाल्याने तेथून कोणासच येता आले नाही. त्याआधीच हॉलंडमध्ये येऊन पोहोचलेल्या दोघी आणि अमेरिकन मंडळींसमवेत आलेली एक, अशा तिघीच ब्रिटिश स्त्रिया परिषदेस हजर राहू शकल्या. परिषदेने मध्यस्थी आणि निःशस्त्रीकरण यांचा पुरस्कार केला, तसेच स्त्रियांना राजकीय हक्क मिळावेत अशी मागणी केली. त्यानंतर आपले ठराव घेऊन प्रतिनिधींची शिष्टमंडळे युरोप-अमेरिकेतील राजधान्यांत गेली आणि पंतप्रधानांना व परराष्ट्रमंत्र्यांना प्रत्यक्ष भेटली. ठराव टपालाने पाठवून त्या स्वस्थ बसल्या नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता यातील संवादाचा भाग पाहा. युरोपातून परतल्यावर ९ जुलै १९१५ रोजी जेन ॲडम्स यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात आपल्या प्रवासाचा वृत्तान्त सांगितला. भाषण दीर्घ आणि संयमी होते. त्यात ओघात त्यांनी असे सांगितले की, संगिनीच्या हल्ल्यापूर्वी सैनिकांना मद्यासारखे उत्तेजक पेय द्यावे लागते, असे निरनिराळ्या देशांत आपणास ऐकावयास मिळाले. समोरासमोर माणूस मारणे हे तरुण मनाला किती जड जाते, हे त्यांना दाखवावयाचे होते. परंतु प्रख्यात युद्धवार्ताहर रिचर्ड हार्डिंग डेव्हिस यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला पत्र लिहून, या बाईंनी रणांगणावर मेलेल्या वीरांचा अपमान केला, असा आरोप केला. झाले! साऱ्या भाषणातून ते एकच वाक्य उरले. ज्या जेन ॲडम्स अमेरिकेत अत्यंत आदरणीय गणल्या जात, त्यांच्यावर वृत्तपत्रे तुटून पडली. पुढे १९३१ साली त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. पण मधली वर्षे त्यांना फार कठीण गेली.

मैत्रिणींनो, आपण ज्या जिल्ह्यात बसलो आहोत त्या जिल्ह्याला ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. येथील अपशिंगे गावाने त्याच महायुद्धात आपले ४६ जवान गमावले आणि 'मिलिटरी अपशिंगे' हे नाव त्या गावाने अभिमानाने धारण केले आहे. येथे शांततेविषयी बोलणाऱ्याने सैनिकाच्या घरातील माणसासमोर उभे राहून बोलत आहोत याचे भान ठेविले पाहिजे. सैनिकाच्या शौर्याचा आदर आणि युद्ध टळावे ही इच्छा यांत विरोध नाही. किंबहुना ज्या घरातून माणूस आघाडीवर जातो त्या घराइतकी शांततेची ओढ दुसऱ्या कोणाला असणार? तथापि हे नीट मांडले नाही, तर ऐकणाऱ्याला विरोधच दिसतो. जेन ॲडम्स यांचा हेतू शुद्ध होता. ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या मनावरची जखम मात्र ताजी होती. आपण काय म्हणतो याइतकाच समोरचा ते कसे ऐकेल, याचाही विचार लेखणी हाती घेणाराने करावयाचा असतो.

या इतिहासातील आणखी एक उदाहरण सांगते. अमेरिकन सैन्याने १९१५ पासून हैती हा छोटा देश ताब्यात ठेविला होता. १९२६ साली अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका एमिली ग्रीन बाल्च यांच्या नेतृत्वाखाली सहा जणांची तुकडी तेथे गेली. तिच्यात दोन कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियाही होत्या. त्यांनी तेथील लोकांशी बोलून, रस्ते, शाळा, न्यायालये, शेतजमीन यांची माहिती गोळा करून 'ऑक्युपाइड हैती' हे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध केले आणि सैन्य काढून घ्यावे अशी शिफारस केली. सैन्य निघाले ते १९३४ साली. एका पुस्तकामुळे ते निघाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु स्वतः जाऊन पाहणे, ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्याशी बोलणे आणि मग शांतपणे मांडणे ही पद्धती त्यांनी घालून दिली. युद्धकाळातील शांतताकार्यामुळे बाल्च यांना आपले महाविद्यालयातील पद गमवावे लागले होते. त्यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक लाभले.

जिनीव्हातील दिवस

जिनीव्हा हे सरोवराकाठचे टुमदार शहर आहे. तेथे संयुक्त राष्ट्रसंघाचे जे विस्तीर्ण आवार आहे त्यात मोर मोकळे हिंडतात. परक्या मुलखात पहिल्या दिवशी मोराचा केकारव ऐकून मला जो आनंद झाला तो कसा सांगू! आवारासमोरील चौकात बारा मीटर उंचीची एक लाकडी खुर्ची उभी आहे. तिचा एक पाय मोडलेला आहे. भूसुरुंगांनी ज्यांचे पाय गेले त्यांची आठवण म्हणून ती १९९७ साली उभारण्यात आली. तिच्याखाली एक अक्षर वाचले नाही तरी अर्थ कळतो. भित्तिपत्रकाची मांडणी शिकणाऱ्या प्रत्येकीने त्या खुर्चीचे छायाचित्र एकदा अवश्य पाहावे.

मात्र आमचे रोजचे काम असे डोळ्यांत भरणारे नव्हते. सभांची टिपणे घेणे, दहा पानी अहवालाचा एका पानात गोषवारा करणे, वार्तापत्राची मुद्रिते तपासणे, पत्त्यांची यादी दुरुस्त करणे, कोणी पाहुणी आली तर तिला सभेच्या दालनापर्यंत पोहोचविणे, अशी ती कामे होती. परराष्ट्रधोरण ठरविणाऱ्यांच्या शेजारी बसून मी जगाची घडी बसवीत होते, असा कोणाचा समज असल्यास तो दूर करावा. पहिला महिनाभर मी बहुतेक वेळ स्वल्पविराम शोधण्यात घालविला.

तथापि या लहान कामांचे मोलही तेथेच कळले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. यांपैकी एकही येत नसलेली स्त्री आपल्या गावचे दुःख सांगावयास आली, तर तिचे म्हणणे दुभाष्याच्या तोंडून, मग टिपण घेणाराच्या लेखणीतून, मग संपादकाच्या कात्रीतून जाते. वाटेतील प्रत्येक हाताने थोडे सांडले, तर शेवटी पोहोचते काय? महात्मा गांधी डिसेंबर १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आले होते व १० डिसेंबर रोजी जिनीव्हाच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये बोलले. त्या मुक्कामात एदमाँ प्रिव्हा या स्विस गृहस्थांनी त्यांच्या दुभाष्याचे काम केले. गांधीजींसारख्या मोजके बोलणाऱ्या माणसाचे शब्द दुसऱ्या भाषेत नेणे हे केवढे जोखमीचे काम! प्रिव्हा नंतर सपत्नीक गांधीजींबरोबर हिंदुस्थानात आले. ज्याचे शब्द आपण वाहून नेले त्याची भूमी स्वतः पाहावी, असे त्यांना वाटले असेल काय, असा विचार माझ्या मनात अनेकदा आला.

बोलण्याचा अधिकारही तेथे सहजासहजी मिळत नाही. जिनीव्हातील निःशस्त्रीकरण परिषदेचे ६५ देश सभासद आहेत. दरवर्षी ८ मार्चच्या सुमारास महिला संघटना त्या परिषदेपुढे आपले निवेदन ठेवीत. परंतु अनेक वर्षे ते निवेदन स्त्रियांना स्वतः वाचता येत नसे. परिषदेतील अधिकारपदावरील व्यक्ती ते वाचून दाखवी आणि ज्यांनी ते लिहिले त्या वरच्या सज्जात बसून ऐकत. ज्या परिषदेत १९९६ नंतर एकाही नव्या करारावर प्रत्यक्ष वाटाघाटी झाल्या नव्हत्या, तिच्यात बोलण्यासाठीही एवढी प्रतीक्षा! अखेर २०१५ साली 'विल्फ'ने त्या परिषदेशी आपला व्यवहार थांबविल्याचे जाहीर केले. अन्यत्र मात्र प्रयत्न चालू राहिले आणि अण्वस्त्रांवर बंदी घालणारा करार ७ जुलै २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे १२२ देशांच्या मतांनी संमत झाला. अण्वस्त्रधारी देशांनी तो स्वीकारलेला नाही, आपल्या देशानेही नाही; त्यामागील कारणांचा ऊहापोह हा आजचा विषय नव्हे. मला एवढेच सांगावयाचे की, ऐकले जाणे हीच मुळात मोठी लढाई असते.

माझी चूक

आता ती हकीकत. माझ्या मुक्कामाच्या पाचव्या महिन्यात मध्य आफ्रिकेतील एका देशातून एक भगिनी मानवी हक्कांविषयीच्या सभेसाठी आल्या होत्या. त्यांचा देशही मी सांगत नाही. वार्तापत्रासाठी त्यांची मुलाखत घेण्याचे काम माझ्याकडे आले. दुभाषी बाईंच्या मदतीने आम्ही तासभर बोललो. त्यांचे घर जाळण्यात आले होते. थोरला मुलगा परत आला नव्हता. हे सांगताना त्या एकदा थांबल्या, डोळे पुसले आणि पुन्हा बोलू लागल्या.

रात्री मी लेख लिहिला. वीस वर्षांच्या सवयीप्रमाणे मी त्याला धरून ठेवणारा प्रारंभ दिला: जळालेले घर, रिकामे अंथरूण, आईचे अश्रू. मथळाही तसाच. सकाळी सहकाऱ्यांनी तो वाचून दाद दिली. मला समाधान वाटले. परंतु त्या कार्यालयाचा एक नियम होता. ज्या व्यक्तीविषयी मजकूर लिहिला तो तिला तिच्या भाषेत वाचून दाखविल्याशिवाय छपाईस जात नसे. त्याप्रमाणे दुभाषी बाईंनी तो वाचून दाखविला.

त्या भगिनींनी शेवटपर्यंत ऐकले. मग अतिशय सौम्यपणे त्या म्हणाल्या, "यात खोटे काही नाही. पण मी जे सांगावयास आले ते यात कोठे आहे?"

मी माझे टिपण पुन्हा उघडले आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. त्यांनी तासभरातील बराच वेळ दुसऱ्याच गोष्टीविषयी सांगितले होते. त्यांच्या भागात बाजाराला आणि पाणवठ्याला जाणारा रस्ता दोन सशस्त्र टोळ्यांनी अडविला होता. बाजारात भाजी विकणाऱ्या स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना गाठले, आठवड्यातील दोन दिवस रस्ता खुला ठेवण्याचे कबूल करून घेतले आणि कोणी शब्द पाळला, कोणी मोडला, याची एका वहीत नोंद ठेविली. ती वही घेऊन त्या जिनीव्हास आल्या होत्या. त्यांची मागणी अशी की, शांततेची बोलणी राजधानीत होतात तेव्हा त्या मेजाशी या बाजारातील स्त्रियांनाही जागा असावी, कारण बोलणी कशी करावीत हे त्यांनी करून दाखविले आहे. माझ्या लेखात या साऱ्याला शेवटी एक ओळ मिळाली होती. मी एका मुत्सद्दी स्त्रीला केवळ एक दुःखी आई करून ठेविले होते.

आणखी एक चूक त्याहून गंभीर होती. लेखासोबत मी त्यांचे नाव, गाव आणि चेहऱ्याचे छायाचित्र दिले होते. त्यांनी विचारले, "ज्या माणसांशी आम्ही रस्त्याविषयी बोलतो, त्यांच्या हाती हे गेले तर?" त्यांनी संमती दिलीच होती, असे मी मनात म्हणाले. परंतु ती संमती सभेच्या धावपळीत, परक्या कार्यालयात, मदत करणाऱ्या लोकांना नाही कसे म्हणावे या भिडेपोटी दिलेली होती. तिला संमती म्हणावे काय?

त्या रात्री मी लेख पुन्हा लिहिला. तो वहीपासून सुरू झाला. नाव, गाव, छायाचित्र काढून टाकले. मुलाचा उल्लेख ठेवावा की नाही हे त्यांनाच विचारले. त्यांनी एक वाक्य ठेवावयास सांगितले आणि ते कोणते हेही सांगितले. दुसरा लेख पहिल्याइतका हृदयद्रावक नव्हता. पण तो त्यांचा होता. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्या वेळी मला त्या वयस्क शिक्षिकाबाईंचे वाक्य आठवले. मी चांगल्या भाषेत, चांगल्या हेतूने, एका बोलणाऱ्या स्त्रीला गप्प करीत होते. 'शांतता'चे दोन अर्थ माझ्याच लेखणीने एकत्र केले होते.

अक्षराविना संवाद

आपणांपैकी अनेकींना वाटेल की, हे सारे शिकल्यासवरल्यांचे काम. तसे नाही. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात दीर्घ यादवी चालली होती. २००३ साली तेथील ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया लेमा बोवी यांच्या पुढाकाराने एकत्र आल्या. बाजारात, चर्चमध्ये, मशिदीत त्यांनी पत्रके वाटली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी पत्रकांवर साधी चित्रे काढली. पांढरे कपडे घालून त्या रोज रस्त्यालगतच्या मैदानात उन्हापावसात बसून राहिल्या. त्यांनी राष्ट्राध्यक्षांची भेट मिळविली, आणि घाना देशात चाललेली बोलणी रेंगाळली तेव्हा तेथील दाराशी ठाण मांडले. त्याच वर्षी शांतताकरार झाला. लेमा बोवी २०११ सालच्या नोबेल शांतता पारितोषिकाच्या एक मानकरी ठरल्या. पुढे २००७ ते २०१६ या काळात त्याच देशात संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने आपल्या भारतीय महिला पोलिसांच्या तुकडीने सेवा बजावली. संपूर्णपणे स्त्रियांची अशी ती राष्ट्रसंघाची पहिलीच तुकडी होती.

येथे एक सावधगिरीची सूचना करते. लायबेरियातील पांढरा रंग आपल्या गावात तसाच उचलून आणला तर त्याचा अर्थ निराळा होईल. आपल्याकडे तो अनेकींना वैधव्याची आठवण करून देतो. चिन्ह, रंग, घोषणा यांचे भाषांतर शब्दांपेक्षाही अवघड असते. दुसऱ्यांची युक्ती घ्यावी, पण तिचा पोशाख आपल्या मातीत शिवावा.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

शिबिरातील काही तरुण भगिनींनी मला विचारले की, आम्हालाही असे जाता येईल काय? अवश्य येईल. परंतु काही गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. कामाचे स्वरूप, मुदत, राहण्याचा आणि परतीचा खर्च कोणी करावयाचा, आजारपणाचा विमा कोणाचा, हे सारे लेखी घ्यावे. पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन कार्यालयात काम करू नये; विनावेतन कामासही परवाना लागू शकतो, म्हणून त्या देशाच्या वकिलातीकडून आधी खातरजमा करून घ्यावी. जिनीव्हा हे जगातील अत्यंत महागड्या शहरांपैकी एक आहे. मी स्वतःच्या शिलकीवर गेले आणि चौथ्या महिन्यापासून दुपारचा डबा घरूनच नेऊ लागले. ज्यांच्यापाशी शिल्लक नाही त्यांनी कर्ज काढून सेवा करू नये, असेच मी सांगेन.

दुसराही मार्ग आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० सालच्या ठरावाने स्थापन झाला. त्याचे मुख्य कार्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. त्याच्यामार्फत संगणकाच्या साहाय्याने घरबसल्या भाषांतर, संपादन, मांडणी अशी कामे करता येतात. आणि भाषांतर हे लहान काम समजू नका. स्त्रिया, शांतता आणि सुरक्षितता यांविषयीचा संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीचा १३२५ क्रमांकाचा ठराव ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने संमत झाला. संघर्ष मिटविण्याच्या कामी स्त्रियांना निर्णयाच्या जागी घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. तो ठराव शंभराहून अधिक भाषांत नेण्याचे काम घडून आले. ठराव न्यूयॉर्कमध्ये होतो. तो जिच्यासाठी आहे तिच्या भाषेत गेला तरच तिच्या उपयोगी पडतो.

घरचे जिनीव्हा

कोणी विचारील, या साऱ्याने युद्धे थांबली काय? प्रामाणिक उत्तर असे की, नाही थांबली. हेगच्या परिषदेनंतर पहिले महायुद्ध आणखी साडेतीन वर्षे चालले. १९३२ साली जिनीव्हातील निःशस्त्रीकरण परिषदेपुढे महिला संघटनांनी सुमारे ऐंशी लाख सह्यांचे गठ्ठे नेऊन ठेविले. तरी सात वर्षांत दुसरे महायुद्ध भडकलेच. ज्यांना लगेच फळ हवे त्यांनी या वाटेला जाऊ नये. परंतु त्या भगिनींच्या गावात आठवड्यातील दोन दिवस रस्ता खुला राहिला, पाणी मिळाले, बाजार भरला. शांतता बहुधा अशीच येते, दोन-दोन दिवसांनी.

आणि त्यासाठी जिनीव्हासच जावे लागते असेही नाही. आपल्या राज्यात २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी बांधाचे, पाण्याचे, घरगुती तंटे समोरासमोर बसून मिटविण्याचा प्रयत्न झाला. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. अशा सभांत तुम्ही इतिवृत्त लिहावयास बसाल तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा. बोलावयास उभी राहिलेली बाई काय म्हणाली ते मी तिच्या शब्दांत लिहिले, की 'महिलांनी अडचणी मांडल्या' एवढ्यावर भागविले? तिने अडचण मांडली असेल, त्याबरोबर उपायही सांगितला असेल. तो उपाय वहीत आला काय? लिहिलेले तिला वाचून दाखविले काय? तिचे नाव छापल्याने उद्या तिला घरी किंवा गावात त्रास होईल काय, हे तिला एकटीला गाठून विचारले काय?

हे चार प्रश्न मी परदेशातून आणले. दुसरे काही फारसे आणले नाही. आपण त्यांचा उपयोग कराल, तर माझे सहा महिने सत्कारणी लागले असे मी समजेन.

सभागृहात 'शांतता राखा' अशी पाटी लावावी लागते, ते ठीकच आहे. परंतु गावात शांतता नांदावी असे वाटत असेल, तर जी आजवर गप्प बसली तिला आधी बोलू द्यावे लागेल, आणि तिचे बोलणे जसेच्या तसे पुढे न्यावे लागेल. ते न्यावयास तुमची लेखणी समर्थ होवो, एवढी शुभेच्छा व्यक्त करून मी माझे भाषण पुरे करते.